प्रांताचा खेळ आणि खेळाचे प्रांत

परप्रांतात बिऱ्हाड थाटलेल्या माणसास एका प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर द्यावे लागते : "आपण मूळचे कुठले?" केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत दर चार-पाच वर्षांनी सामानाच्या पेट्या बांधणाऱ्या आमच्यासारख्यांस तर हा प्रश्न प्रत्येक नव्या वसाहतीत आणि मुलांच्या प्रत्येक नव्या शाळेच्या प्रवेश-अर्जावर भेटत आला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पेशवाई असावी. परंतु तो प्रांत आमच्याहून अधिक अधिकारी मंडळींचा आहे. विद्यार्थिदशेत नागपुरातील एका महाविद्यालयाच्या सिमेंटच्या मैदानावर गुडघे फोडून घेत आम्ही बास्केटबॉल खेळलो आणि पुढे खेळणे सुटल्यावर त्या खेळाविषयी वाचीत राहिलो. त्या वाचनात हाच "मूळचे कुठले" हा प्रश्न आम्हांस पुन्हा भेटला. अमेरिकेतील महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाचाच इतिहास आहे. (येथे पुरुषांच्या स्पर्धेचाच विचार केला आहे, १९८२ साली सुरू झालेली महिलांची स्पर्धा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

बास्केटबॉलचा जन्म २१ डिसेंबर १८९१ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीए संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात झाला. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी, अशा अडचणीतून शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. हे नेस्मिथ स्वतः कॅनडाचे. म्हणजे अमेरिका ज्याला आपला म्हणते, त्या खेळाचा जनकच मुळी परदेशी! वायएमसीएच्या शाखांतून हा खेळ काही वर्षांतच जगभर पोहोचला. आपल्याकडे मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० साली स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने त्याच्या प्रसाराला मोठा हातभार लावला.

जन्मभूमीच्या वाट्याला मात्र यश फारसे आले नाही. आजवर मॅसॅच्युसेट्समधील केवळ एका महाविद्यालयाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आहे. ते वुस्टर येथील होली क्रॉस होय, आणि तेही १९४७ साली. त्या संघातील बॉब कूझी पुढे नामवंत झाला; तो न्यूयॉर्कचा, फ्रान्समधून आलेल्या दांपत्याचा मुलगा होता.

मग खेळ रुजला कोठे? १८९८ साली नेस्मिथ नोकरीनिमित्त मध्य-पश्चिमेतील कॅन्सस विद्यापीठात गेले. गव्हाच्या शेतांचा तो प्रदेश. तेथे त्यांनी संघ उभा केला. परंतु जिंकण्याची त्यांना फारशी हाव नसावी, कारण त्यांच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्यांच्यानंतर फॉरेस्ट ॲलन हा त्यांचा शिष्य प्रशिक्षक झाला. बास्केटबॉल शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, असे गुरूने त्यास सांगितल्याची आख्यायिका आहे. शिष्याने ते मनावर घेतले नाही, हे त्या खेळाचे भाग्य! ॲलन यांचा विद्यार्थी ॲडॉल्फ रप १९३० साली केंटकी विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने चार अजिंक्यपदे मिळविली. त्यांचाच दुसरा विद्यार्थी डीन स्मिथ १९५२ च्या विजेत्या कॅन्सस संघात होता. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १९८२ व १९९३ साली अजिंक्यपद मिळविले. एका घराण्याची गायकी शिष्यांबरोबर गावोगाव जावी आणि प्रत्येक गावाने ती आपलीच मानावी, तसाच हा प्रकार होता.

राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली, तीच मुळी प्रांतांच्या पायावर. देशाचे आठ विभाग पाडून प्रत्येक विभागातून एकच संघ निवडावयाचा, असा नियम होता. पूर्वेकडील चार संघ फिलाडेल्फियात आणि पश्चिमेकडील चार सॅन फ्रान्सिस्कोत खेळले. शिकागोजवळील इव्हॅन्स्टन येथे झालेल्या अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. हा पहिला विजेता संघ मात्र घरच्याच, म्हणजे ओरेगन व आसपासच्या मुलांचा होता. उंचीमुळे त्यांस 'उंच फरवृक्ष' असे टोपणनाव मिळाले होते. आयोजकांस त्या वर्षी सुमारे अडीच हजार डॉलरचा तोटा झाला, हे आपल्या मंडळाच्या कोषाध्यक्षांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

त्या काळी खरी प्रतिष्ठा होती ती न्यूयॉर्कची. तेथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९३८ पासून दुसरी एक निमंत्रितांची स्पर्धा भरत असे. १९५० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. तो पराक्रम त्यानंतर कोणासही साधलेला नाही. त्या संघात ज्यू व कृष्णवर्णीय मुलांचा भरणा होता. ती शहरातील साध्या, कष्टकरी घरांतून आलेली होती. परंतु पुढच्याच वर्षी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांतील फरक कमी-अधिक केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यात त्या संघातील खेळाडूंचीही नावे निघाली. महानगराची सद्दी संपली. तथापि, हा डाग एकट्या न्यूयॉर्कचा नव्हता. केंटकीच्या खेळाडूंचाही त्यात संबंध आढळला आणि त्या विद्यापीठास एक संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर बसावे लागले.

न्यूयॉर्कचे जे गेले, ते दक्षिणेस मिळाले. नॉर्थ कॅरोलायना हे तंबाखूचे आणि कापडगिरण्यांचे राज्य. तेथे लोकांचे वेड फुटबॉलचे. १९४६ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट या महाविद्यालयाने इंडियाना राज्यातून एव्हरेट केस या प्रशिक्षकास आणले. इंडियानात गावोगावच्या शाळांतून बास्केटबॉल हा जणू कुलाचारच, आणि केस यांनी तेथे शालेय अजिंक्यपद चार वेळा जिंकलेले. त्यांनी आपल्याबरोबर इंडियानाची मुलेही आणली. १९४९ साली बारा हजारांवर प्रेक्षक बसतील असे बंदिस्त क्रीडागृह तेथे खुले झाले. विजयानंतर टोपलीची जाळी कापून घेण्याची आजची प्रथा महाविद्यालयांत रूढ केली, तीही त्यांनीच. केस यांच्याकडून वारंवार पराभूत होणाऱ्या शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने मग १९५२ साली न्यूयॉर्कच्या फ्रँक मॅग्वायर यांस बोलाविले. त्यांनी न्यूयॉर्क परिसरातून मुले आणली आणि १९५७ साली विल्ट चेंबरलेनसारखा महाकाय खेळाडू असलेल्या कॅन्ससला तीन जादा डावांनंतर ५४-५३ असे, अवघ्या एका गुणाने, हरविले. विजेते नाव नॉर्थ कॅरोलायनाचे. खेळणारे पाचही प्रमुख खेळाडू न्यूयॉर्क व त्याच्या परिसरातले!

येथवर वाचून सुज्ञ वाचक म्हणतील की, बाहेरून गुणी माणसे आणली की प्रांताचे भाग्य उजळते, इतकेच या इतिहासाचे सार आहे. तसे असते तर लेख येथेच संपविता आला असता. परंतु या दक्षिणी राज्यांनी दूरच्या मुलांस दार उघडले, त्याच वेळी घराशेजारच्या मुलांस ते बंद ठेवले होते. गोरा मुलगा हजार मैलांवरून आला तरी तो आपला. कृष्णवर्णीय मुलगा पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत असला तरी परका. मिसिसिपी स्टेटचा संघ १९५९, १९६१ व १९६२ साली पात्र असूनही राष्ट्रीय स्पर्धेस गेला नाही, कारण तेथे मिश्र संघांशी सामना पडला असता आणि राज्याच्या अलिखित दंडकास ते मान्य नव्हते. १९६३ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी संघ पाठविण्याचे ठरविले; न्यायालयाचा मनाई हुकूम हाती पडण्यापूर्वीच प्रशिक्षक राज्याबाहेर पडले आणि खेळाडूही पाठोपाठ निघाले. मिशिगनमध्ये ते शिकागोच्या लॉयोला संघाकडून ६१-५१ असे हरले. परंतु सामन्यापूर्वी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्णधारांनी हस्तांदोलन केले, ते छायाचित्र आज गुणांच्या आकड्यांहून अधिक मोलाचे मानले जाते. लॉयोलाने त्या वर्षी अजिंक्यपदही मिळविले.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, एल पासो येथील टेक्सस वेस्टर्नने केंटकीचा ७२-६५ असा पराभव केला. केंटकीचा संपूर्ण संघ गोरा. टेक्सस वेस्टर्नचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय. त्या संघातील बहुतेक मुले न्यूयॉर्क, डेट्रॉईट, गॅरी अशा शहरांतून आली होती. मेक्सिकोच्या सीमेवरील त्या वाळवंटी गावाने त्यांस जागा दिली आणि त्यांनी गावास इतिहासात जागा दिली.

पश्चिमेकडे याच सुमारास लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे युग चालू होते. इंडियानात जन्मलेल्या जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा अजिंक्यपदे मिळविली. त्यांतील सात ओळीने. त्यांचा ल्यू अल्सिंडॉर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, न्यूयॉर्कचा. तर बिल वॉल्टन कॅलिफोर्नियाचाच. त्या काळी संघांची विभागणी मुख्यतः भूगोलानुसार होई, म्हणून हा संघ दरवर्षी पश्चिम विभागातूनच पुढे येई, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ही मालिका खंडित केली ती केस यांच्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेटने, १९७४ च्या उपांत्य सामन्यात, दोन जादा डावांनंतर ८०-७७ अशी. केस तोवर निवर्तले होते. प्रशिक्षक नॉर्म स्लोन हे त्यांनीच इंडियानाहून आणलेल्या मुलांपैकी एक. आणि संघाचा आधारस्तंभ होता डेव्हिड थॉम्पसन, नॉर्थ कॅरोलायनातीलच शेल्बी परिसरातला कृष्णवर्णीय मुलगा. केस आले तेव्हा या मुलास त्या महाविद्यालयात प्रवेशदेखील मिळाला नसता. झाड बाहेरच्याने लावले होते खरे. परंतु अजिंक्यपदाचे फळ त्याला लागले ते घरचा नाकारलेला मुलगा आत आल्यावरच. आमच्या मते साऱ्या इतिहासाचे मर्म या एका घटनेत आहे.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९७४ साली मेरीलँडसारखा बलाढ्य संघ आपल्या विभागीय अंतिम सामन्यात हरला आणि 'एका गटातून एकच' या नियमामुळे घरी बसला. १९७५ पासून तो नियम सैल झाला, संघ ३२ झाले. १९७९ पासून सर्व संघांस मानांकने देऊन त्यांना देशभर वाटले जाऊ लागले. १९८५ साली संघ ६४ झाले आणि २०११ साली ६८. विभागांची नावे राहिली, कुंपणे गेली. तरीही २०२५ पर्यंतचा हिशेब मांडला तर एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील तीन विद्यापीठांकडे मिळून तेरा अजिंक्यपदे आहेत.

शेवटी एक आपल्या घरचा दुवा. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले, तेव्हा वृद्ध नेस्मिथ ते पाहावयास उपस्थित होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी ॲलन यांच्या पुढाकाराने निधी गोळा झाला होता. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात झाला. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. वऱ्हाडची माती अंगाला लावून वाढलेली ती मुले आणि टोपलीचा तो खेळ, दोघेही घरापासून दूर एकाच नगरीत आले होते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या शहरात मंडळाची घटना लिहिली, तेही बाहेरचेच होते. या शहराने त्यांस सामावून घेतले, हे त्याचे ऋण आहे. त्या ऋणाची फेड म्हणून आपल्या मंडळाचेही दार, नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबास आणि तितकेच शेजारच्या अमराठी मुलासही, मोकळे असावे. गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या पटांगणावरील खेळांत बक्षिसे घेणाऱ्या मुलांची आडनावे आम्ही मुद्दाम ऐकली. निम्मी आपल्या ओळखीची नव्हती. ते पाहून आम्हांस मनापासून बरे वाटले. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या हार्दिक शुभेच्छा.