यंत्र पालटतें, लेख उरतो

यंत्र मोडींत निघालें कीं त्यावर बसलेला हातहि निरुपयोगी होतो, हें नायगांवांत राहणाऱ्यास सांगावयास नको. येथून चार-पांच कोसांवर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, हाच प्रसंग विद्वानांवर आला होता. रंगस्वामी नरसिंहन प्रभृतींनीं घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं कामास लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. तो एका वेळीं ४० द्विमान अंकांची रास उचली. १९६४ सालीं अमेरिकेंतून 'सी. डी. सी. ३६००' आला, त्याची रास ४८ अंकांची. पहिल्यासाठीं रचलेल्या आज्ञा दुसऱ्यास निरर्थक!

यावर तोड निघाली ती 'फॉर्ट्रान'सारख्या भाषांनीं. माणसानें सूत्र लिहावें आणि कंपायलरनें त्यापासून त्या त्या यंत्राच्या आज्ञा निर्माण कराव्या. परंतु प्रत्येक कारखानदार भाषेसहि आपले अलंकार चढवूं लागला. म्हणून १९६६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाणरूप ठरवावें लागलें.

डोनाल्ड क्नूथ यांनीं आपल्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालींत याहून एक पाऊल पुढें टाकलें. १९८२ सालच्या आवृत्तीचा मूळ लेख त्यांनीं 'वेब' नामक पद्धतींत लिहिला. त्यापासून पास्कल भाषेंतील आज्ञा निर्माण होत. त्या आज्ञांत त्यांनीं बहुतेक सर्व पास्कलांस समान असलेलेंच सामान वापरलें आणि जेथें यंत्रपरत्वें फेर करावा लागेल तीं स्थळें सूचींत नोंदविलीं. हें वैराग्य कोणास कृपणपणा वाटेल. मला तो दूरदर्शीपणा वाटतो. पुढें पास्कल मागें पडली. तोच मूळ लेख आतां सी भाषेंत उतरवितात, आणि 'टेक' आजहि पुस्तकें जुळवीत आहे.