रामेनच्या दुकानात जेवल्यावर लगेच का उठतात?

जपानमधल्या छोट्या रामेन दुकानांत अनेकदा काउंटरपुरतीच जागा असते. बऱ्याच ठिकाणी मशीनमध्ये पैसे टाकून कूपन घ्यायचं आणि ते आचाऱ्याला द्यायचं. गरम सूपमध्ये नूडल्स लवकर मऊ पडतात, म्हणून बाउल समोर येताच खायला सुरुवात होते. भुरके मारलेले चालतात. हाकाता पद्धतीच्या दुकानांत सूप शिल्लक ठेवून फक्त नूडल्स पुन्हा मागवता येतात. त्याला ‘काएदामा’ म्हणतात.

या घाईमागे पैशांचं गणितही आहे. रामेनसाठी ग्राहक १००० येनपेक्षा जास्त मोजणार नाहीत, ही मालकांची जुनी भीती. तिला ‘१००० येनची भिंत’ म्हणतात. पीठ, मांस, वीज महागली तरी दर वाढवताना ते कचरतात. मग मोजक्याच खुर्च्या असलेल्या दुकानाचा खर्च निघतो, तो खुर्ची लवकर रिकामी झाली तरच.