बोस्निया-हर्जेगोविनाचं सैन्य : तीन फौजा, एक गणवेश

१९९२ ते १९९५ च्या युद्धात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या बोस्नियाक मुस्लिम, क्रोएट आणि सर्ब फौजांमधून हे सैन्य उभं राहिलं. १ जानेवारी २००६ पासून तिघांचा गणवेश एक झाला, सक्तीची भरतीही बंद झाली.

रचना : सुमारे १०,००० सैनिक. पायदळाच्या तीन ब्रिगेड. प्रत्येकीत तिन्ही समाजांची एकेक बटालियन. सर्वोच्च अधिकार तीन सदस्यांच्या अध्यक्ष मंडळाकडे, निर्णय एकमतानेच.

शस्त्रसामग्री : अमेरिकन एम-६० रणगाडे, एम-११३ चिलखती गाड्या. हवाई दलाची भिस्त ह्यूई आणि मी-८ हेलिकॉप्टरवर. किनारा जेमतेम २० किलोमीटर, नौदल नाही.

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष-मुलं मारली गेली. त्या देशात ही एकजूट टिकणं रणगाड्यांपेक्षा मोलाचं आहे.