वहिवाटदार ते विश्वस्त : देवद्रव्य, कायदा आणि सल्ला

जैन समाजात दान देण्याची परंपरा जितकी जुनी, तितकीच दिलेल्या दानाचा हिशेब राखण्याची रीतही जुनी आहे. जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही दानाची सात क्षेत्रे मानली गेली. त्यांपैकी मूर्ती व मंदिर यांसाठी आलेले द्रव्य ते देवद्रव्य. ते अन्य कामी वळविणे हा दोष, आणि घरखर्चात मिसळणे हा महादोष, ही शिकवण घरोघरी होती. देरासराचा कारभार पाहणाऱ्यास ‘वहिवाटदार’ म्हणत. त्याच्या हाती वही, किल्ल्या आणि संघाचा विश्वास एवढेच असे. मिळकत कोणाच्या नावावर, वहिवाटदाराच्या पश्चात कारभार कोणाकडे, आणि घरातील चार भावांपैकी एकाला तो मान्य नसेल तर काय, या प्रश्नांची लेखी उत्तरे सहसा कोठेच नसत.

कामथडी हे पुणे–सातारा रस्त्यालगतचे गाव आज ज्या भोर तालुक्यात आहे, त्याचे मुख्य ठिकाण भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. दरबार हेच संस्थानी मुलखातील अखेरचे न्यायालय. संस्थानाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी अमलाखालच्या मुलखात मात्र धर्मादाय मिळकतींविषयी एकामागून एक कायदे होत होते. १८६३ च्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेतले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ ने सार्वजनिक न्यासाच्या गैरकारभाराविरुद्ध दावा लावण्याची वाट दिली. १९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यासविषयक कायद्याने हिशेब मागण्याचा हक्क दिला, आणि १९३५ मध्ये मुंबई सरकारने नोंदणीचा कायदा केला. या यादीत खाजगी न्यासासाठी झालेला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम वेगळा उठून दिसतो.

त्या कायद्याची रचना पाहिली, की विश्वस्तपद हे मानाचे पद कमी आणि जोखमीचे अधिक, हे ध्यानी येते. विश्वस्त होण्यास कोणीही बांधलेला नाही. परंतु एकदा पद स्वीकारले की मन मानेल तेव्हा ते टाकता येत नाही. सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची घेईल तितकी काळजी न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी लागते. आपले काम दुसऱ्यावर सोपविता येत नाही. विश्वस्त अनेक असतील तर न्यासपत्रात वेगळी तरतूद नसता सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. न्यासाच्या पैशातून स्वतःचा नफा काढता येत नाही. वडिलांनी केलेल्या न्यासाचे विश्वस्त म्हणून मुलेच बसलेली असतात, आणि मग थोरल्याने ‘मीच पाहतो’ म्हणून एकट्याने केलेला व्यवहार धाकट्यांच्या अंगावर येतो. कज्जे बहुधा येथूनच सुरू होतात. लबाडी हे त्यांचे कारण क्वचितच असते.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे दोनच वर्षांनी झालेला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या भागासही लागू झाला. (आता त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे.) जानेवारी १९५२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. प्रत्येक सार्वजनिक न्यासाने नोंदणी करावी, हिशेब ठेवून तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा, आणि उत्पन्नाचा काही अंश प्रशासन निधीस द्यावा, असे त्यात होते. सर्वांवर देखरेखीसाठी धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण झाले. पिढ्यान्‌पिढ्या वहीवर चाललेल्या देरासरांना हा मोठाच धक्का होता. अनेकांना वाटले, आता देवाची तिजोरी सरकारच्या हाती जाणार.

ही भीती न्यायालयापर्यंत नेली ती एका देरासराच्या वहिवाटदारानेच. पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या अधिनियमास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. वेजलपूर आज गुजरातेत आहे. तेव्हा ते मुंबई राज्यात होते. मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनीही असेच आव्हान दिले होते. १९५२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने मुख्य आक्षेप फेटाळले. धर्म ही सदसद्विवेकाची बाब असून मिळकतीची व्यवस्था ऐहिक आहे, असा त्या निकालाचा रोख होता. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी निकाल दिला.

नोंदणी, हिशेब आणि तपासणी ही बंधने योग्य ठरली. कारभार स्वच्छ असावा हे पाहण्याचा अधिकार राज्याला आहे. निधीस द्यावयाची वर्गणीही कर नसून सेवेचे शुल्क म्हणून टिकली. मद्रासच्या अशाच वर्गणीला त्याच न्यायालयाने दोनच दिवस आधी, शिरूर मठाच्या खटल्यात, कर ठरवून रद्द केले होते. मुंबईचा निधी वेगळा ठेवलेला होता आणि न्यासांच्याच कामी लागणार होता, हा त्यातील फरक.

मात्र दोन गोष्टी न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची तरतूद संविधानाविरुद्ध ठरली. तसेच, दात्याचा मूळ हेतू पुरा करणे शक्य असतानाही आयुक्ताला किंवा न्यायालयाला दुसरे काम अधिक हिताचे वाटते एवढ्यावरून धार्मिक न्यासाचे द्रव्य तिकडे वळविता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. देवद्रव्य शास्त्रसंमत कामाखेरीज अन्यत्र वळविता येत नाही, या जैन तत्त्वाचा उल्लेख निकालात आहे. पण न्यायालय तेथेच थांबले नाही. ते तत्त्व बाजूला ठेवले तरी अशी ढवळाढवळ धर्मस्वातंत्र्याचा भंग करते, असे त्याने म्हटले. त्यामुळे हे संरक्षण जैनांपुरते न राहता सर्व धर्मीयांना मिळाले. एका लहान गावच्या वहिवाटदाराच्या अर्जाचे हे फळ लहान म्हणता येणार नाही.

कौटुंबिक न्यासांपुढचा पेच मात्र या निकालाने सुटला नाही. आजोबांनी घराशेजारी बांधलेले देरासर खाजगी की सार्वजनिक? १९५६ च्या देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली : लाभ घेणारे ठराविक कुटुंबीय असतील तर न्यास खाजगी, आणि अनिश्चित संख्येचे भाविक असतील तर सार्वजनिक. मंदिर राहत्या घराबाहेर आहे काय, मूर्तीची कायम प्रतिष्ठा झाली आहे काय, लोक हक्काने दर्शनास येतात काय, हे पाहिले जाते. घरच्यांना आपले वाटते म्हणून देरासर घरचे ठरत नाही. त्यातही एक बारकावा आहे. १८८२ चा अधिनियम खाजगी धार्मिक न्यासांनासुद्धा लागू नाही. त्यामुळे ‘आमचा न्यास खाजगी, म्हणून आम्हांस न्यास अधिनियम लागू’ हे उत्तर दरवेळी बरोबर नसते.

मिळकत विकताना किंवा भाड्याने देताना ही चूक महागात पडते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून, आणि बिनशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्यावर देण्यासही तीच परवानगी लागते. योगायोग असा, की भाडेपट्ट्याची मर्यादा सांगणारे १८८२ च्या अधिनियमातील कलमही ३६ वेच. पण तेथे मर्यादा एकवीस वर्षांची आहे. दोन छत्तिसांची गल्लत होऊन सद्‌हेतूने केलेला पट्टाही अडचणीत येतो.

अशा वेळी विश्वस्ताने कोठे जावे, हेही कायद्यानेच सांगून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १८५९ च्या कायद्याने विश्वस्तास थेट न्यायाधीशाचा सल्ला मागण्याची सोय दिली. तीच १८८२ च्या अधिनियमात कलम ३४ म्हणून आली, आणि सार्वजनिक न्यासांसाठी कलम ५६-अ मध्ये आहे. दावा न लावता, केवळ अर्जाने, कारभारातील अडलेल्या प्रश्नावर न्यायालयाचे मत, सल्ला किंवा निर्देश मागता येतो. खरी माहिती देऊन, मिळालेल्या मताप्रमाणे प्रामाणिकपणे वागणाऱ्या विश्वस्ताने त्या बाबतीत आपले कर्तव्य पार पाडले, असे मानले जाते. भावाभावांतील हक्कांचे गुंतागुंतीचे वाद मात्र या वाटेने सुटत नाहीत. त्यांना रीतसर दावाच लागतो.

वकिलाच्या फीविषयीही विश्वस्तांच्या मनात संकोच असतो. न्यासाच्या अंमलबजावणीसाठी किंवा मिळकतीच्या रक्षणासाठी योग्य रीतीने केलेला खर्च न्यासाच्या निधीतून भागविण्याची मुभा कलम ३२ खाजगी न्यासाच्या विश्वस्तास देते. हद्दीवरून शेजाऱ्याने लावलेल्या दाव्यात न्यासाच्या जमिनीसाठी दिलेली फी तीत बसते. स्वतःच्या लाभासाठी किंवा भावाशी चाललेल्या घरगुती कज्जासाठी केलेला खर्च न्यासाचा नव्हे. तो विश्वस्ताने स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो.