पाणपक्ष्यांची शिकार आणि शिकाऱ्याची शिस्त

दिवाळी सरली की तिवसा तालुक्याच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वर्धेकाठी आणि मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा जलाशयावर उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. तलवार बदके, थापट्या, चक्रवाक यांनी पाणी गजबजून जाते. आज आपण ते दुरून न्याहाळतो. परंतु एके काळी अशा पाहुण्यांचे स्वागत दुनळी बंदुकीने होत असे.

ब्रिटिश अमदानीत पाणपक्ष्यांची शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा हिवाळी खेळ होता. त्यातही जाणता शिकारी एका दिवसात घडत नसे. बदके वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून नवख्याने वारा पाठीशी घेऊन बसावे. उजाडण्यापूर्वी जागा धरावी व निश्चल राहावे. पक्षी ओळखल्याविना चाप ओढू नये. चाळीस यार्डांपलीकडे छरे झाडू नयेत, कारण तेथे पक्षी मरत नाही, जायबंदी होऊन लव्हाळ्यात तडफडत राहतो. पाडलेला पक्षी शोधून काढल्याविना दुसऱ्याकडे वळू नये. आणि पुरे झाले की बंदूक खाली ठेवावी.

दुर्दैवाने हा शेवटचा नियमच अनेकदा विसरला गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूर येथे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमेळ्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिळेवर कोरलेला आहे. नेमबाजी होती; संयम नव्हता.

योगायोग असा, की त्याच दिवशी सालिम अली यांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली. लहानपणी मुंबईत त्यांनीही छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून 'ही कोणती?' असा प्रश्न त्यांना पडला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण त्यांच्यापुढे उघडले. एका प्रश्नाने शिकारी मुलाचा पक्षिशास्त्रज्ञ झाला. पुढे भरतपूरचे तेच पाणथळ वाचावे म्हणून झटणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आज जाळे वा गलोल घेऊन तळ्यावर जाणे हे शौर्य नव्हे, गुन्हा आहे.

तथापि जुन्या शिकाऱ्यांच्या चांगल्या सवयी टाकून देण्याजोग्या नाहीत. आपल्या मुलांना जलाशयावर अवश्य न्यावे. पहाटे पोहोचावे, स्तब्ध बसावे, घाईने नाव ठोकून देऊ नये. थवा उठेल इतके जवळ जाऊ नये. हजारो मैल उडून आलेल्या पाखराला प्रत्येक अकारण भरारी महाग पडते. घरी परतल्यावर वहीत तारीख, स्थळ, जाती आणि संख्या लिहावी. भरतपूरच्या शिळेवर मेलेल्या पक्ष्यांची मोजदाद आहे. आपल्या मुलांच्या वहीत जिवंत पक्ष्यांची असावी.