मोबाइल आयपी

मोबाइल आयपी हा एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणाऱ्या उपकरणाचा आयपी पत्ता कायम राखून त्याचा चालू संपर्क टिकवणारा इंटरनेट प्रोटोकॉल आहे. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने त्याची पहिली प्रमाणित आवृत्ती ऑक्टोबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स पर्किन्स हे तिचे संपादक होते.

पार्श्वभूमी

आयपी पत्ता दोन कामे करतो. तो उपकरणाची ओळख पटवतो आणि ते कोणत्या जाळ्यात आहे, हेही सांगतो. एकाच जागी असलेल्या संगणकाबाबत या दोन कामांत विरोध नसतो. परंतु घरातील वाय-फाय सोडून मोबाइल जाळ्यावर जाणाऱ्या फोनला नवा पत्ता मिळतो. टीसीपी जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट क्रमांक यांवरून ओळखली जात असल्याने पत्ता बदलताच जुनी जोडणी निरुपयोगी ठरते. एकाच जाळ्यातील दोन वाय-फाय केंद्रांमध्ये फिरताना पत्ता सहसा बदलत नाही. त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

कार्यपद्धती

या पद्धतीत उपकरणाला मूळ जाळ्यातील एक कायमचा गृहपत्ता असतो. परक्या जाळ्यात गेल्यावर त्याला एक तात्पुरता पत्ता मिळतो. मूळ जाळ्यातील होम एजंट या राउटरकडे उपकरण त्याची नोंदणी करते. त्यानंतर गृहपत्त्यावर आलेली प्रत्येक माहिती-पुडी होम एजंट दुसऱ्या आवरणात घालून तात्पुरत्या पत्त्यावर पाठवतो. परगावी गेलेल्या माणसाचे पत्र घरच्यांनी नव्या पाकिटात घालून ‘द्वारा’ पत्त्यावर पाठवावे, तसाच हा प्रकार आहे. पलीकडच्या संगणकाला या स्थलांतराची जाणीवही होत नाही.

मर्यादा

सर्व माहिती होम एजंटमार्गे येत असल्याने लांबचा वळसा पडतो. पुण्यात गृहपत्ता असलेले उपकरण टोकियोत असताना तेथीलच सर्व्हरकडून आलेली माहिती आधी पुण्याला जाते. या दोषास त्रिकोणी मार्गक्रमण म्हणतात. नवी नोंदणी पूर्ण होईपर्यंत काही पुड्या गहाळ होऊ शकतात. खोटी नोंदणी करून दुसऱ्याची माहिती वळवली जाण्याचा धोका असल्याने नोंदणीची सत्यता पडताळणे आवश्यक असते.

पुढील विकास

२००४ मध्ये आयपीव्ही६ साठीची आवृत्ती प्रमाणित झाली. तीत दोन्ही टोकांना थेट मार्गाने संपर्क साधण्याची सोय आहे. २००८ मधील प्रॉक्सी मोबाइल आयपीव्ही६ मध्ये स्थलांतराची नोंद उपकरणाऐवजी जाळेच ठेवते. सीडीएमए२००० या मोबाइल तंत्रज्ञानात मोबाइल आयपीचा उपयोग झाला. मात्र सर्वसाधारण इंटरनेटवर त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

पुढे हे काम जाळ्याच्या वरच्या स्तरांवर होऊ लागले. मल्टिपाथ टीसीपीमध्ये एकच जोडणी एकाच वेळी अनेक मार्ग वापरते. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ मधील सिरीसाठी ते वापरात आणले. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक प्रोटोकॉल जोडणी पत्त्याऐवजी स्वतंत्र ओळखक्रमांकाने ओळखतो. म्हणून पत्ता बदलला तरी संवाद चालू राहू शकतो. मात्र ओळख कायम राहिल्यास वापरकर्त्याच्या हालचालींचा मागही काढता येतो. तो टाळण्यासाठी नव्या मार्गावर जाताना क्विकमध्ये हा ओळखक्रमांकही बदलला जातो.