मार्शल, जॉर्ज कॅटलेट : पत्नीच्या आठवणींतून

मार्शल, जॉर्ज कॅटलेट : (३१ डिसेंबर १८८० – १६ ऑक्टोबर १९५९). अमेरिकेचे पंचतारांकित सेनानी, दुसऱ्या महायुद्धातील सेनाप्रमुख, पुढे परराष्ट्रमंत्री आणि १९५३ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी. युद्धोत्तर यूरोपला उभे करणारी मदतयोजना त्यांच्या नावाने ओळखली जाते. आत्मचरित्र मात्र त्यांनी लिहिले नाही. प्रकाशकांनी मोठाल्या रकमा देऊ केल्या, तरी ते बधले नाहीत. अखेरच्या वर्षांत फॉरेस्ट पोग या इतिहासकाराला त्यांनी मुलाखती दिल्या आणि त्यातून पुढे चार खंडांचे चरित्र झाले. त्या चरित्रात सेनानी भेटतो. घरातला माणूस पाहायचा, तर त्यांची दुसरी पत्नी कॅथरिन टपर मार्शल (८ ऑक्टोबर १८८२ – १८ डिसेंबर १९७८) यांचे ‘टुगेदर : ॲनल्स ऑफ ॲन आर्मी वाइफ’ (१९४६) हे आठवणींचे पुस्तक उघडावे लागते.

मार्शल यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील युनियनटाउनचा. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून ते १९०१ मध्ये बाहेर पडले. १९०२ च्या फेब्रुवारीत सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला आणि त्याच महिन्यात लिली कोल्स यांच्याशी विवाह झाला. नंतर फिलिपीन्स, पहिल्या महायुद्धात फ्रान्स, युद्धानंतर जनरल पर्शिंग यांचे एडीसी म्हणून वॉशिंग्टन आणि १९२४ पासून चीनमधील तिएन्त्सिन अशा नेमणुका झाल्या. लिली हृदयविकाराने आजारी असत. मूलबाळ झाले नाही. सप्टेंबर १९२७ मध्ये, शस्त्रक्रियेतून सावरत असताना, आईला पत्र लिहिता लिहिता त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मार्शल जॉर्जियातील फोर्ट बेनिंगच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये गेले आणि त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले. पुढच्या महायुद्धात सैन्य हाकणारे कितीतरी अधिकारी तेथे त्यांच्या हाताखाली शिकले वा शिकवीत होते.

कॅथरिन या केंटकीच्या, एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या कन्या. तरुणपणी त्या रंगभूमीवर होत्या. फ्रँक बेन्सन यांच्या शेक्सपिअर नाट्यमंडळीतून त्यांनी इंग्लंडात भूमिका केल्या. प्रकृतीने साथ न दिल्याने ते सोडावे लागले. बाल्टिमोरचे वकील क्लिफ्टन ब्राउन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९२८ मध्ये एका अशिलाने ब्राउन यांना गोळ्या घालून ठार मारले. पदरात मॉली, क्लिफ्टन आणि ॲलन ही तीन मुले होती.

दोघांची भेट १९२९ मध्ये, फोर्ट बेनिंगजवळच्या कोलंबस गावी, एका जेवणाच्या निमंत्रणात झाली. मार्शल यांनी मद्याचा पेला नाकारला. लष्करी अधिकारी असे करताना आपण पाहिला नाही, असे कॅथरिन बोलून गेल्या. जेवणानंतर त्यांना मुक्कामी सोडायला मार्शल निघाले आणि तासभर गावातच गाडी फिरवीत राहिले. दोन वर्षे इथे राहून तुम्हाला रस्ते ठाऊक नाहीत का, असे बाईंनी विचारले. तुमच्या यजमानांचे घर वाटेत लागणार नाही इतपत रस्ते मला चांगले ठाऊक आहेत, या आशयाचे उत्तर आले. मितभाषी, करारी म्हणून गाजलेल्या या अधिकाऱ्याचा असा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या लेखणीतून आपल्याला मिळालाच नसता.

मुलांची संमती घेतल्याशिवाय लग्न करायचे नाही, असे कॅथरिन यांनी ठरवले होते. धाकटा ॲलन आधी कां-कूं करीत होता. मग त्याने स्वतःच मार्शल यांना पत्र धाडले : फायर आयलंडला या, घाबरू नका, माझी हरकत नाही. १९३० च्या उन्हाळ्यात मार्शल तेथे त्या कुटुंबात जाऊन राहिले आणि १५ ऑक्टोबर १९३० रोजी बाल्टिमोर येथे विवाह झाला. वराचा पाठीराखा म्हणून पर्शिंग स्वतः हजर होते.

पुस्तकाचा सर्वांत जिवंत भाग युद्धापूर्वीच्या बदल्यांचा आहे. १९३२ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट स्क्रीव्हन ही लहानशी छावणी मार्शल यांच्याकडे आली. मंदीचे दिवस होते, शिपायांचे पगार तुटपुंजे. बायकामुले असलेल्या शिपायाने डबा घेऊन मेसमध्ये यावे आणि घरच्या सर्वांना पुरेल एवढे दुपारचे जेवण अगदी थोड्या पैशांत न्यावे, अशी व्यवस्था मार्शल यांनी लावली. हे दान आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून प्रथा रुळेपर्यंत कमांडरच्या घरीही तेच जेवण आले आणि दोघे नवराबायको तेच जेवले. या माणसाच्या नेतृत्वाबद्दल जे काही लिहिले गेले आहे, त्यात हा डब्याचा तपशील मोलाचा मानावा लागेल.

१९३३ मध्ये साउथ कॅरोलायनातील फोर्ट मोल्ट्रीला बदली झाली. तेथल्या ऐसपैस घराला दारेच दारे. कॅथरिन यांनी त्या सर्वांचे पडदे शिवून घेतले आणि ते टांगून होतात न होतात तोच शिकागोला जाण्याचा हुकूम आला. इलिनॉय नॅशनल गार्डचे प्रशिक्षण हे काम मार्शल यांना नको होते. आपल्याला सैनिकांच्या तुकडीबरोबरच राहू द्यावे, अशी विनंती त्यांनी त्या वेळचे सेनाप्रमुख मॅकार्थर यांच्याकडे केली. ती मान्य झाली नाही. त्या दिवसांत नवऱ्याचा चेहरा कसा ओढलेला, राखाडी दिसे ते कॅथरिन यांनी नोंदवले आहे. पन्नाशी उलटली तरी जनरलचा हुद्दा दूर होता. तो १९३६ मध्ये मिळाला आणि बिऱ्हाड पार पश्चिमेला, व्हँकूव्हर बराक्सला गेले. तेथे २० जून १९३७ रोजी उत्तर ध्रुवावरून उडत आलेले सोव्हिएत वैमानिक चकालोव्ह आणि त्यांचे दोन साथीदार अचानक उतरले. तिघांना आंघोळ, न्याहारी आणि झोप मार्शल यांच्या घरी मिळाली. बाहेर वार्ताहरांची झुंबड उडाली आणि सारे निभावून नेण्याचे काम घरच्या बाईकडे आले.

१ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीने पोलंडवर चाल केली त्याच दिवशी, मार्शल सेनाप्रमुख झाले. फोर्ट मायरच्या ‘क्वार्टर्स वन’ या निवासस्थानातून संध्याकाळी फिरायला जाताना ते दिवसभराचे विचार मोठ्याने बोलत, कॅथरिन ऐकत. राग करणे मला परवडणारे नाही, थकलेला दिसणेही परवडणारे नाही, अशी मार्शल यांची स्वतःशीच चाललेली शिस्त कॅथरिन यांनी टिपली आहे. अशा वेळी सल्ला न देता ऐकत राहणे हे आपले काम, असे त्या मानीत. आजच्या वाचकाला ही भूमिका दुय्यम वाटेल. परंतु त्या संध्याकाळींशिवाय त्या माणसाचे मन मोकळे होण्याची दुसरी जागा दिसत नाही.

ॲलनने सावत्र वडिलांच्या नावाचा आधार घेतला नाही. साधा शिपाई म्हणून तो चिलखती दलात भरती झाला, परीक्षा देऊन अधिकारी झाला आणि उत्तर आफ्रिकेमार्गे इटलीत पोहोचला. २९ मे १९४४ रोजी रोमच्या दक्षिणेस रणगाड्यातून डोके वर काढून दुर्बिणीने पाहत असता शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून तो पडला. मागे पत्नी आणि लहान मुलगा राहिला. नॉर्मंडीची चढाई आठवड्यावर आली होती. मार्शल स्वतः घरी आले, खोलीचे दार लावले आणि पत्नीला बातमी सांगितली. जूनमध्ये नॉर्मंडीची पाहणी करून ते इटलीला गेले, अँझिओच्या दफनभूमीत ॲलनच्या थडग्याशी उभे राहिले, त्याच्या रणगाड्यातील सैनिकांना भेटले आणि नकाशा पुढे ठेवून तो कसा, कोठे पडला ते समजून घेतले. कॅथरिन यांनी हे सारे मोजक्या शब्दांत लिहिले आहे आणि म्हणूनच ते वाचवत नाही.

युद्ध संपले. नोव्हेंबर १९४५ च्या अखेरीस मार्शल निवृत्त होऊन व्हर्जिनियातील लीजबर्ग येथे आले. तेथील ‘डोडोना मॅनर’ हे घर कॅथरिन यांनी १९४१ मध्ये घेतले होते. भाजीपाल्याची बाग हा मार्शल यांचा मोठा विरंगुळा. त्या दिवशी घरी पोहोचल्यावर कॅथरिन वर विश्रांतीला गेल्या आणि दूरध्वनी वाजला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन बोलत होते. मार्शल यांनी होकार देऊन फोन ठेवला. पत्नीची झोप होईपर्यंत त्यांनी तिला काही सांगितले नाही. ती खाली उतरली तेव्हा मार्शल यांची चीनला पाठवणी होत असल्याचे वृत्त रेडिओच सांगत होता. पुढे परराष्ट्र आणि संरक्षण ही दोन्ही मंत्रिपदेही त्यांच्याकडे आली.

पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. ते लिहिले गेले तेव्हा मार्शल सरकारी कामगिरीवर होते. त्यामुळे डावपेचांतील मतभेद, रूझवेल्ट-चर्चिल यांच्याशी झालेले वाद यांविषयी त्यात फारसे हाती लागत नाही. नवऱ्याच्या उणिवाही त्या दाखवीत नाहीत. लिली यांचा काळ त्यांनी पाहिलेला नसल्याने मार्शल यांच्या सेवेची पहिली २५ वर्षे त्यात जवळजवळ नाहीत. तथापि शांततेच्या काळातील अमेरिकी सैन्यात पगार, घर, बदल्या आणि बढतीची प्रतीक्षा यांखाली अधिकाऱ्याचे कुटुंब कसे जगत होते, याचे इतके विश्वसनीय चित्र पोग यांच्या खंडांतही मिळत नाही. मार्शल यांचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

मार्शल यांच्या आर्लिंग्टन येथील दफनस्थळी लिली, लिली यांच्या आई आणि कॅथरिन यांनाही दफन करण्यात आले आहे. लीजबर्गचे घर जतन करून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले केले आहे.